एका ब्लाऊज पीसचा फरक

आधीच सांगून ठेवते, माझं तोंड वाईट आहे. कोसाडच्या आमच्या वसाहतीत कुणालाही विचारा, सुंदराबाईच्या वाटेला जाऊ नका असंच सांगतील. बावीस वर्षं झाली मला सुरतेत साड्यांचं काम करताना. पार्सल सोडायचं, धागे कापायचे, लेस लावायची, घडी घालून परत बांधून द्यायचं. माझा नवरा उखा लूम्सच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, कामाला. यंत्रांच्या आवाजानं त्याचे कान गेलेत, म्हणून त्याच्याशी ओरडूनच बोलावं लागतं, आणि तीच सवय मला सगळ्यांशी लागली असं मी म्हणते. उखा म्हणतो, लग्नातही ही अशीच बोलत होती.

तर हॉलची गोष्ट. युवा हॉल म्हणायचो आम्ही त्याला, बांधायच्या आधीपासून. एका खोलीत सहा-सहा माणसं, त्यात छातीएवढे साड्यांचे गठ्ठे. पोरांनी अभ्यासाला बसायचं कुठे? पोरींनी दोन घटका एकमेकींशी बोलायचं कुठे? जिन्यात बसली की वरच्या मजल्यावरचे ओरडतात, गेटपाशी उभी राहिली की काय टोळकं जमवलंय म्हणून कुणीही हाकलतो. भरतीची तयारी करणारा एक मुलगा पाण्याच्या टाकीमागे बसून पाठांतर करायचा. साप निघाला तेव्हा तेही बंद झालं.

माझी सून कविता, अमळनेरकडची, बी.ए. झालेली. माझा गणेश गेला तेव्हा ती चोवीस वर्षांची होती. कावीळ झाली, त्यानं अंगावर काढली आणि बारा दिवसांत गेला. तिच्या माहेरचे न्यायला आले होते, पण ती गेली नाही. मला वाटलं, माझ्यासाठी राहिली. मग कळलं की जिन्याखाली तिनं अकरा पोरं शिकवायला गोळा केली होती आणि त्यांची परीक्षा तोंडावर आली होती. अकराची पुढे चाळीस झाली. तीच पोरं घेऊन ती दीड वर्ष ऑफिसांचे उंबरठे झिजवत राहिली, आणि शेवटी नऊ आणि दहा नंबरच्या बिल्डिंगमधल्या पट्ट्यावर हॉल बांधायचा कागद हातात घेऊन आली. तिथे तेव्हा नुसत्या बाभळी होत्या आणि वसाहतभरचा कचरा.

सभा भरली. सुकदेव अण्णा आमचे प्रमुख, रिटायर झालेले लूम मास्तर. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. ते म्हणाले, मजुरी आपली आपण करू, कुणी विटा आणा, कुणी रेती आणा, कुणी नुसते हात आणा. आणि चावी कविताकडे राहील, कारण पोरं तिची आहेत. सगळ्यांनी माना डोलावल्या. त्या दिवशी घरी येऊन कवितानं गुळाचा शिरा केला. गणेश गेल्यापासून आमच्या घरात पहिल्यांदा गोड झालं होतं.

आता अडचण अशी की सगळ्यांना सुट्टी एका दिवशी मिळते कुठे? कुणाच्या खात्याला बुधवार, कुणाच्या खात्याला रविवार. आमच्या वसाहतीतले निम्मे पुरुष बांधकामावर जातात, त्यांना सुट्टी अमासेला. इकडे अमावस्येला अमास म्हणतात, आणि त्या दिवशी शहरातला एकही कडिया, म्हणजे गवंडी, थापीला हात लावत नाही. म्हणजे गंमत बघा. ज्या दिवशी हात मोकळे, त्या दिवशी हत्याराला शिवायचं नाही. आमचा गवंडी भिवादादा, भुसावळकडचा बौद्ध माणूस. तो अमास-बिमास काही मानत नाही. पण सगळ्यांचं काम बंद म्हणून सुट्टी मात्र घेतो, आणि दर अमासेला कामरेजला लेकीकडे जातो. त्या अमासेलाही जाताना मला म्हणाला, "वहिनी, मी उद्या येतो, तोवर थांबा."

मी कशाला थांबते? दोन महिने नुसत्या बोलण्यात गेले होते. मी भिवाच्या बायकोला, आनंदीला, हाक मारली. आनंदी माझी शेजारीण, तीही साडीच्याच कामात. अजून वीस-पंचवीस बाया आणि कविताची पोरंपोरी जमली. पुरुष गॅलऱ्यांमध्ये उभे राहून बघत होते. उखा खुर्ची टाकून बसला होता, जणू सिनेमाच लागलाय.

"टेप कुठंय?" आनंदी म्हणाली. टेप भिवाच्या पेटीत, आणि पेटीला कुलूप.

"टेप काय करायचीय?" मी म्हटलं. "साडी आहे ना. साडेपाच मीटर म्हणजे साडेपाच मीटर. लांबी दोन साड्या, रुंदी एक साडी."

सगळ्या हसल्या, पण कबूल झाल्या, कारण साडी किती लांब असते हे आम्हांला झोपेतही सांगता येतं. माझी नेसायची एक जुनी साडी आणली. ती ओढून ताणायची नाही, ओढली तर वीतभर वाढते. सरळ सोडायची आणि टोकाला खुंटी ठोकायची. दोन्ही लांब्या मोजून झाल्या, पूर्वेची रुंदी झाली, आणि साडी बाभळीच्या काट्याला अडकून टर्रकन फाटली. मी कविताला म्हटलं, जा, दुसरी घेऊन ये. ती धावत जाऊन एक साडी घेऊन आली, आंबा रंगाची. मला ती देताना काहीतरी म्हणाली. माझा घसा ओरडून सुकला होता आणि ऊन डोक्यावर आलं होतं. मी म्हटलं, "आता मोजायला तू मला शिकवशील का? धर ते टोक." तिनं टोक धरलं. पश्चिमेची रुंदी झाली, पोरांनी फक्कीच्या रेघा मारल्या.

पहिला घाव कुणी घालायचा? कुदळ कविताच्या हातात होती. मी म्हटलं, मार. वरून, तिसऱ्या मजल्यावरून, सुकदेव अण्णांचा आवाज आला. "अमासेला पाया? आणि तोही..." पुढचं ते बोलले नाहीत, पण सगळ्यांना कळलं. कवितानं वर बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"मार म्हटलं ना," मी म्हणाले. तिनं घाव घातला.

चार दिवसांत पाया झाला. पुढे भिवानं भिंती चढवल्या. खात्यातून दमून आलेली माणसं तासभर विटा देऊन जायची. बाया पाणी मारायच्या, पोरी रेती चाळायच्या. तीन महिन्यांत चारी भिंती डोक्याच्या वर गेल्या. त्यांच्यावर सिमेंटचे पत्रे टाकायचे होते, आणि पत्र्यांखाली सहा लोखंडी पाइप, एका भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंत. पाइप वीस फुटी, म्हणजे सहा मीटरच्या जरा वर, आणले.

पूर्वेकडचा पहिला पाइप दोन्ही बाजूंना हातभर सरकवता येईल असा बसला. दुसरा बसला, तिसरा बसला. चौथा जेमतेम टेकला. पाचवा एका बाजूला भिंतीवर आणि दुसऱ्या बाजूला हवेत. सहावा तर दोन पोरांनी वर धरून ठेवला तरी पलीकडच्या विटेपर्यंत पोचेना. भिवानं सगळे पाइप खाली उतरवले, पेटीतून टेप काढली आणि पहिल्यांदा आतून मोजलं. पूर्वेला साडेपाच मीटर, पश्चिमेला सहा मीटर तीस.

"हॉल वाकडा झालाय," तो म्हणाला. मग मिशीवरून हात फिरवत म्हणाला, "पण अवघड नाही काही. शेवटच्या दोन पाइपांना हातभर जोड लावला की झालं. पत्रा थोडा तिरका बसेल, बस."

तेवढ्यात सुकदेव अण्णा आले. भिंतीकडे बघत राहिले. जमलेल्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "जोड लावून पाइप पुरेल. दोष कसा जाईल? अमासेला पाया खणला, नवरा गेलेल्या बाईच्या हातानं खणला. वाकडं नाही होणार तर काय होणार? उद्या हे छत पोरांच्या डोक्यावर पडलं तर कोण जबाबदार?"

कविता रेतीच्या ढिगापाशी चाळणी घेऊन उभी होती. तिनं चाळणी खाली ठेवली आणि घरी निघून गेली.

दुसऱ्या दिवशी कपाटात खाली मला ती आंबा रंगाची साडी सापडली. त्या अमासेला चिखलानं खराब झाली म्हणून पार्सलात परत गेलीच नव्हती, धुऊन घरातच ठेवली होती. मी ती सहज उलगडली. शेवटाला ब्लाऊज पीस तसाच होता, न कापलेला. ऐंशी सेंटीमीटर. माझ्या नेसायच्या साडीचा पीस कधीच कापून झाला होता, आणि ही गठ्ठ्यातली कोरी साडी. पीसच्याही पार टोकाला फक्कीचा पांढरा डाग धुऊनही राहिला होता, तिथे खुंटी ठोकलेली. मी जमिनीवर बसले आणि तो डाग नखानं खरवडत राहिले. मग साडीची घडी घातली आणि गठ्ठ्यांच्या मागे सरकवून दिली.

आठ दिवस मी गप्प बसले. खोटं कशाला बोलू? मला लाज वाटली. बावीस वर्षं ज्या बाईनं दुसऱ्यांच्या चुका चारचौघांत काढल्या, तिच्या हातून साडी मोजताना चूक? पहिलीतल्या पोरीलाही कळेल अशी? मी रोज ठरवायची, आज सांगते. रोज काहीतरी निमित्त निघायचं. पार्सल आलं, पाणी आलं, उखाला ताप आला.

त्या आठ दिवसांत दोन बायांनी आपली पोरं कविताकडे पाठवणं बंद केलं. नळावर गेली की सगळ्या तिला पुढे जाऊ द्यायच्या, फार गोड बोलून, आणि ती गेली की भांडी सरकवून घ्यायच्या. सहाव्या दिवशी सुकदेव अण्णा आमच्या घरी आले. चहा घेतला. म्हणाले, ठरलंय, पश्चिमेची भिंत पाडायची, नव्यानं बांधायची, आणि त्याआधी पूजा घालायची. पूजेला ते आणि त्यांची बायको रंजना बसतील. "कवितानं त्या दिवशी घरातच थांबावं," ते म्हणाले. "आणि हॉल झाला की चावी सध्या रंजनाकडे राहू दे. वाईट वाटून घेऊ नका, लोकांचं मन राखावं लागतं."

कविता कप उचलत होती. "बरं," एवढंच म्हणाली. मी तिच्या पाठीकडे बघत बसले, आणि तरीही माझं तोंड उघडलं नाही. एवढं वाईट तोंड, आणि नेमकं त्या वेळेला बंद.

रविवारी संध्याकाळी चौकात सगळे जमले, भिंत कधी पाडायची ते ठरवायला. कुणीतरी घण आणून भिंतीला टेकवूनही ठेवला होता. कविता आली नव्हती. तिला येऊ नको असं कुणी म्हटलं नव्हतं, पण ये असंही कुणी म्हटलं नव्हतं. ती घरात बसून पोरांच्या वह्या तपासत होती. मी निघताना तिनं वर पाहिलं नाही. मी दारापर्यंत गेले, परत आले, गठ्ठ्यांमागची साडी काढली, फाटकी जुनी साडीही घेतली आणि चौकात गेले.

सुकदेव अण्णा बोलत होते. मी मधेच म्हटलं, "थांबा. चूक मन्ही शे."

चूक माझी आहे, हे घरात उखाशी बोलते त्याच अहिराणीत तोंडातून निघालं. मी दोन्ही साड्या चौकात एकीशेजारी एक पसरल्या, एका बाजूची टोकं जुळवून. पलीकडच्या बाजूला आंबा रंगाचा ब्लाऊज पीस पुढे निघून राहिला. तिथे सगळी साडीचीच माणसं, मला जास्त काही सांगावंच लागलं नाही. आनंदीनं आधी कपाळावर हात मारला. मग कुणीतरी हसलं. मग सगळेच हसायला लागले.

"सुंदराबाई, तुम्ही?" सुकदेव अण्णा हसून-हसून डोळे पुसत होते. "बावीस वर्षं साडी कापून? अहो चालशे, चालशे. माणूस आहे, चुकतं कधी. भिवा, लाव रे तो जोड. आणि चहा सांगा कुणीतरी."

भिवाही हसत म्हणाला, "मला तर तिसऱ्या थरालाच शंका आली होती. कोपरा काटकोनात बसेना."

"मग बोलला का नाहीस?" मी विचारलं.

"वहिनी, तुमच्या तोंडाला कोण लागणार?"

परत हसू. कुणी माझ्या पाठीवर हात ठेवला, कुणी म्हणालं, बरं झालं, पूजेचा खटाटोप वाचला. दोन पोरं चहा सांगायला पळालीसुद्धा. सगळ्यांच्या मनावरचं ओझं उतरलं होतं. आणि मला जो राग आला तसा राग जन्मात कधी आला नव्हता. कुणी मला शिव्या घातल्या असत्या तरी एवढा आला नसता.

"हसू नका," मी म्हणाले. हसणं थांबेना, तेव्हा उखाशी बोलते त्या आवाजात म्हणाले, "हसू नका."

"अण्णा, भिंत तीच आहे ना? आठ दिवसांत इंचभर हलली का? परवा त्या भिंतीत दोष होता. छत पोरांच्या डोक्यावर पडणार होतं. आता नाही पडणार? दोष कुठे गेला?"

"आता तुम्ही वाढवू नका," सुकदेव अण्णा म्हणाले. "चूक होती, कळली, संपलं."

"माझी होती म्हणून चूक. तिची होती तोवर अपशकुन. माझ्या कपाळावर कुंकू आहे म्हणून मला चहा, आणि तिनं घरात कोंडून घ्यायचं. असंच ना? मग मला पण म्हणा. माझ्या तोंडावर म्हणा, सुंदरा, तुझ्या हातानं वाटोळं झालं, तुझी सावली नको हॉलवर. जे तिला म्हणालात ते सगळं मला म्हणा. म्हणत का नाही?"

उखाला काहीच ऐकू आलं नव्हतं. तो भिवाला विचारत होता, काय म्हणतेय ही? भिवानं त्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून सांगितलं, तुम्ही जिवंत आहात म्हणून वहिनींना माफ केलं. उखा उठला, माझ्याशेजारी येऊन उभा राहिला आणि सगळ्यांना म्हणाला, "मी जित्ता शे, त्यामा हिनं काय कौतिक?"

तो जिवंत आहे, यात माझं काय कौतुक! दुसऱ्या कुठल्या वेळी मीही हसले असते.

"कविताच्या घरी जा आणि तिची माफी मागा," मी अण्णांना म्हटलं. "आत्ता, इथून उठून."

अण्णांचा चेहरा बदलला. "प्रमुख आहे मी. एका पोरीच्या दारात जाऊन उभा राहू?"

"नका राहू. मग ऐका. पत्रा अमासेलाच चढणार. आणि पहिला पाइप कविताच बसवणार. ज्याला चालत नसेल त्यानं येऊ नये."

"मग आम्ही नाही," अण्णा म्हणाले. ते उठले, आणि त्यांच्यामागून निम्मे पुरुष उठले. आलेला चहा तसाच राहिला.

घरी आले तर कविता वह्याच तपासत होती. चौकातला माझा आवाज तिला ऐकू गेला असणारच, आख्ख्या कोसाडला गेला असेल. मला वाटत होतं ती रडेल, माझ्या गळ्यात पडेल. माझंही मन भरून आलं होतं. ती लाल पेन खाली ठेवून म्हणाली, "मी त्या दिवशी सांगितलं होतं तुम्हांला. साडी देतानाच. आई, याचा पीस कापलेला नाही, असं म्हटलं होतं मी."

मी दारातच उभी राहिले. "मग एवढे दिवस का बोलली नाहीस?"

"कुणाला सांगू? घरात तुम्हीच ऐकलं नाहीत. चौकातले ऐकणार होते?"

पुढची वही उघडत ती म्हणाली, "रोज वाट बघत होते मी, आज सांगाल, आज सांगाल. आठ दिवस, आई." मग म्हणाली, "पाइप मी बसवीन. तुम्ही म्हणालात म्हणून नाही. मला बसवायचाय." मी स्वयंपाकाला लागले. त्या दिवशी मी कुणाशीच जास्त बोलले नाही, आणि उखानं दोनदा विचारलं की हिला बरं नाही का.

अमासेच्या दिवशी सकाळी नऊ वाजता मी पट्ट्यावर गेले तेव्हा जेमतेम बारा माणसं होती. जोड लावलेले पाइप चांगलेच जड झाले होते, आणि माणसं नसतील तर ते दहा फूट वर जाणार नव्हते. वर गेले नाहीत तर मीच कविताला सगळ्या वसाहतीसमोर तोंडघशी पाडलं असतं. भिवा कामरेजला गेला नव्हता. पेटी उघडून थापी, दोर, सगळं बाहेर काढून बसला होता. "लेकीला म्हटलं, या खेपेला तूच ये," तो म्हणाला, आणि खरंच त्याची लेक पदर खोचून दोर सोडवत होती. उखानं आयुष्यात पहिल्यांदा अमासेला पहारीला हात लावला.

हळूहळू पोरं आली. ज्या दोन बायांनी पोरं पाठवणं बंद केलं होतं, त्यांचीही आली. मग चौदा नंबरच्या बिल्डिंगमधून तीन बाया आल्या. त्यांच्याशी मी कधी बोललेही नव्हते. तिघींचेही नवरे गेलेले. कुणी बोलावलं नव्हतं. त्यातली एक मला म्हणाली, "आमी ऐकलं. काय उचलायचं ते सांगा." मी पाइपाकडे बोट दाखवलं.

कविता पश्चिमेच्या कोपऱ्यात भिंतीवर चढली. ओढणी कमरेला बांधलेली, केस वर गुंडाळलेले. भिवा म्हणाला, पूर्वेकडून सुरुवात करू, तिकडचे हलके आहेत. ती म्हणाली, "नाही. आधी हा सहावा." सगळ्यांत जड, सगळ्यांत वाकड्या जागेचा.

दोर बांधले. पोरं बांबूच्या माच्यावर चढली, बाया खाली पाइपाला हात देऊन उभ्या राहिल्या. एक टोक वर गेलं आणि कवितानं ते भिंतीवर घेतलं. दुसरं टोक छातीपर्यंत आलं आणि अडलं. एक माणूस कमी पडत होता. माझ्या दंडांना कापरं भरलं होतं, आनंदीचं तोंड लाल झालं होतं. भिवा ओरडत होता, सोडू नका, सोडू नका.

आणि तेव्हाच सुकदेव अण्णा आले. धुतलेलं धोतर, हातात नारळ. मागे रंजनावहिनी, जरीची साडी नेसून, हळदीकुंकवाचं ताट घेऊन. अण्णा म्हणाले, "थांबा जरा. काही झालं तरी वसाहतीचं काम आहे. सवाष्णीच्या हातानं आधी नारळ वाढवू, मग काय ते चढवा."

मी तोंड उघडणार होते. कविता माझ्याआधी बोलली, वरून, न ओरडता.

"अण्णा, इथे एक माणूस कमी पडतंय. या, हात लावा. दुसरं टोक माझ्या हातात आहे. चालत असेल तर धरा."

अण्णा तसेच उभे राहिले. नारळाकडे बघितलं, पाइपाकडे बघितलं, वर कविताकडे मात्र बघितलं नाही. आम्ही पाइप पेलून उभ्या होतो. कुणी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

रंजनावहिनींनी ताट अण्णांच्या हातात दिलं. नारळ होता त्याच हातावर. अण्णा काही बोलायच्या आत त्यांनी जरीचा पदर कमरेला खोचला, त्या तीन बायांच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि पाइपाखाली खांदा दिला. मग मान वर करून कविताला म्हणाल्या, "धरलं. सांग."

कविता म्हणाली, "उचला."